नागीण : दडलेला शत्रु आणि जागता पहारा

दोन वर्षांपूर्वींच्या चैत्रांतली गोष्ट. पंचवटींतील आमच्या जुन्या वाड्यांत थोरले काका एका सकाळीं गंगेवरून स्नान करून आले ते कपाळाची उजवी बाजू हातानें दाबीतच. काकांचें वय बहात्तर, शरीर काटक, आणि औषधाची बाटली घरांत येऊं न देण्याबद्दल त्यांची ख्याति. अर्धशिशी असेल म्हणून सुंठेचा लेप झाला. दोन दिवस ठणका वाढतच गेला आणि तिसऱ्या दिवशीं भुवईच्या वर पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला. काकूंनीं तो पाहतांच कपाळाला हात लावला. "अग बाई, ही तर नागीण!"

मग आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत जें व्हावयाचें तेंच झालें. प्रत्येकाजवळ एक उपाय होता. कोणी गेरू उगाळला, कोणी नागीण उतरविणाऱ्या गृहस्थाचें नांव सुचविलें. आणि नागिणीचें तोंड शेपटीला मिळालें कीं रोगी हातचा जातो, ही धास्ती तर लहानथोर सर्वांच्याच तोंडीं. वाड्यांत पदवीधरांची वाण नाहीं. आम्ही स्वतः विज्ञानाविषयीं चार अक्षरें लिहितों. परंतु वडीलधाऱ्यांपुढें तोंड उघडावें कसें, या भिडेपोटीं आम्ही गप्प बसलों. फोड उठल्यावर पांच दिवस असेच गेले. मग काकांचा उजवा डोळा लाल होऊन सुजला, तेव्हां कोठें डॉक्टरांकडे जाणें झालें. डॉक्टर काकांना कांहीं बोलले नाहींत, आमच्याकडे वळून मात्र एवढेंच म्हणाले, "पहिल्याच दिवशीं आणायला हवें होतें." डोळा वांचला; परंतु कपाळांतली आग अकरा महिने गेली नाहीं. वाऱ्याची झुळूक लागली तरी काका कळवळत. तो दोष सर्वस्वीं आमचा, आणि प्रस्तुत लेख हें त्याच दोषाचें थोडेंसें प्रायश्चित्त आहे.

यानंतर आणखी एक घडलें. काकांचे फोड सुकतात न सुकतात तोंच, पंधरवड्याच्या अंतरानें, त्यांच्याच मांडीवर बसून गोष्टी ऐकणारी आमची चार वर्षांची पुतणी कांजिण्यांनीं आजारी पडली. बायकांनीं कडुलिंबाचा पाला आणला, आठ दिवसांत पोर हिंडूं फिरूं लागली, आणि या दोन दुखण्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें वाड्यांत कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. वस्तुतः आमच्या ओसरीवर त्या पंधरवड्यांत जें घडलें, तेंच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे डॉ. बोकाय यांनीं आपल्या रोग्यांच्या घरांत पाहिलें होतें. घरांतील मोठ्या माणसास नागीण झाली म्हणजे थोड्याच दिवसांनीं त्या घरांतील मुलांस कांजिण्या येतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेंत भरली. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील थॉमस वेलर यांनीं दोन्ही रोगांच्या फोडांतील पाण्यांतून विषाणु वेगळे काढले, आणि ते दोन नसून एकच आहेत असें दाखविलें. कांजिण्या आणि नागीण हीं एकाच शत्रूचीं दोन रूपें आहेत.

शत्रु कोठें दडतो?

मग प्रश्न असा उरतो कीं, आमच्या काकांना नागीण दिली कोणी? याचें उत्तर देण्याचें श्रेय इंग्लंडांतील सिरेन्सेस्टर या लहानशा गांवीं रोगी तपासणाऱ्या एका साध्या डॉक्टरास आहे. एडगर होप-सिम्प्सन यांनीं सोळा वर्षें आपल्या टापूंतील नागिणीच्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेविली आणि १९६५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नागीण कोणाकडून लागत नाहीं. ती रोग्याच्या स्वतःच्याच शरीरांतून उठते, असा तो निष्कर्ष होता. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या, खपल्या पडल्या, आई-आजींनीं निश्वास टाकला, तरी विषाणु घर सोडून गेलेला नसतो. त्वचेंतून तो मज्जातंतूंच्या वाटेनें आंत सरकतो आणि पाठीच्या कण्यालगत अथवा कवटीच्या तळाशीं मज्जातंतूंच्या मुळाजवळ पेशींच्या ज्या गांठी असतात, त्यांत जाऊन बसतो. तेथें तो साठ साठ वर्षें निजून राहूं शकतो. काकांना कांजिण्या आल्या होत्या त्या त्यांच्या मुंजीच्या आधीं, आणि तोच पाहुणा बहात्तराव्या वर्षीं बाहेर पडला.

नागिणीचें तोंड शेपटीला मिळण्याच्या धास्तीचा उलगडाहि येथेंच होतो. कण्यापासून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक तंतूचा त्वचेवर एक ठराविक पट्टा असतो आणि तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेवर संपतो. विषाणु एका गांठींतून उठतो आणि त्या एकाच तंतूनें खालीं उतरतो. म्हणून फोडांचा पट्टा पाठीपासून निघून एका कुशीवरून वळत येतो आणि छातीच्या मधोमध थबकतो. नागिणीचें तोंड शेपटीला मिळत नाहीं, कारण तिची वाटच अर्ध्यावर तुटलेली आहे. एखाद्या अत्यंत क्षीण झालेल्या रोग्याच्या सर्वांगावर फोड उठतात आणि त्याच्या जिवाला धोका संभवतो हें खरें. परंतु त्याचें कारण ती क्षीणता होय, तोंड आणि शेपटी यांची भेट नव्हे.

पहारेकरी कोण?

साठ वर्षें हा शत्रु निजून राहिला तो आपखुशीनें नव्हे. त्याच्यावर पहारा होता. हा पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशींना शास्त्रज्ञ टी-पेशी म्हणतात. हें अक्षर थायमस या ग्रंथीच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर आहे. छातीच्या हाडामागें, हृदयाच्या किंचित् वर ही ग्रंथि असते. ती लहानपणीं मोठी असून पुढें वयाबरोबर सुकत जाते. त्यामुळें मेलेल्या पेशींचें हें एक स्मशान असावें, असें पुष्कळ दिवस मानीत. १९६१ सालीं जॅक मिलर या तरुण संशोधकानें लंडनमध्यें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून टाकली, तेव्हां तीं पिलें थोड्याच आठवड्यांत साध्या साध्या रोगांना बळी पडूं लागलीं. जें स्मशान समजत होते, ती वस्तुतः पहारेकऱ्यांची शाळा होती.

ही शाळा मोठी कडक आहे. आमच्या नाशिककरांना तिची कल्पना चटकन यावी. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून शेजारच्या छापखान्यांत नोटा छापल्या जातात. तेथें खऱ्याखोट्याची पारख करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आल्या पाहिजेत. आपल्या छापखान्याची खूण त्यानें अचूक ओळखली पाहिजे आणि खऱ्या नोटेला खोटी म्हणून फाडूंहि नये. अस्थिमज्जेंत जन्मलेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्यें येतात, तेव्हां त्यांची हीच दुहेरी परीक्षा होते. आपल्या शरीराची खूण जिला वाचतां येत नाहीं ती पेशी बाद. आणि आपल्याच शरीरावर जी धांवून जाते तीहि बाद. शंभरांत पांचसुद्धां उत्तीर्ण होत नाहींत. बाकीच्या तेथल्या तेथें मरतात. एवढी कठोर निवड नसती, तर शत्रूच्या आधीं पहारेकऱ्यांनींच घर पाडलें असतें.

उत्तीर्ण झालेल्या पेशी काय पाहतात हेंहि मोठें मनोवेधक आहे. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशी आपल्या आंत काय शिजतें आहे त्याचा एक एक तुकडा लहानशा तबकांत घालून दाराबाहेर ठेवीत असते. पेशी निरोगी असेल तर त्या तबकांत घरचेंच अन्न असतें. आंत विषाणु शिरला असेल तर त्याच्या द्रव्याचा तुकडा तबकांत येतो. हें तबक माणसामाणसाचें निरनिराळें असतें. १९७३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनीं उंदरांवरील प्रयोगांतून असें दाखविलें कीं, टी-पेशी नुसता परका तुकडा ओळखीत नाहीं. आपल्या घरच्या तबकांत वाढलेला परका तुकडाच ती ओळखते. या शोधाबद्दल त्या दोघांस १९९६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

टी-पेशींचे मुख्य प्रकार दोन. एक मारेकरी पेशी. दूषित पेशीला भिडून ती तिच्या भिंतीला छिद्र पाडणारें द्रव्य सोडते आणि त्यांतून आंत गेलेल्या दुसऱ्या द्रव्यानें ती दूषित पेशी स्वतःच विझून जाते. दुसरी साहाय्यक पेशी. ती स्वतः क्वचितच मारते. परंतु मारेकऱ्यांस बळ देणें, प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशींस हुकूम देणें, कुमक मागविणें हें सर्व तिचें काम. घरांत स्वयंपाक कोणीहि करो, परंतु कोठीच्या किल्ल्या ज्या बाईंच्या कमरेला असतात त्यांच्यावांचून पान हलत नाहीं. साहाय्यक पेशीचें स्थान तसेंच आहे. लढाई संपली म्हणजे बहुसंख्य लढवय्ये मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी मागें राहतात. त्याच पुढें वर्षानुवर्षें पहारा देतात.

रक्तांतील प्रतिपिंडें हें काम कां करीत नाहींत, असें वाचक विचारतील. प्रतिपिंडें पेशींच्या बाहेर वाहणाऱ्या विषाणूला धरतात. पेशीच्या आंत दडलेल्याला धरणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें आहे. कांहीं मुलें प्रतिपिंडें बनविण्याची शक्तीच नसलेलीं जन्मास येतात. तीं कांजिण्यांतून बहुधा सुखरूप उठतात. उलट ज्या मुलांच्या टी-पेशी दुबळ्या असतात, त्यांच्या जिवावर याच कांजिण्या बेततात. निसर्गानेंच केलेल्या या प्रयोगावरून पहाऱ्याची मुख्य जबाबदारी कोणावर आहे तें स्पष्ट दिसतें.

आणि हा पहारा आंधळ्या हिंसेचा नव्हे. मज्जातंतूच्या पेशी मेल्या तर पुन्हां उत्पन्न होत नाहींत. विषाणु आंत आहे म्हणून प्रत्येक पेशी मारीत सुटलें, तर मनुष्य बधिर व लुळा होऊन जाईल. नागिणीच्या विषाणूचा एक चुलतभाऊ आहे. तापानंतर ओठांवर जर उठतो तो त्याचाच. उंदरांच्या मज्जागांठींत या चुलतभावावर पहारा देणाऱ्या टी-पेशी मज्जापेशीला न मारतां तिच्या आंतील विषाणूचें जागें होण्याचें साधन तेवढें तोडून टाकतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. घरांतील खोडकर पोराला हाताखालीं ठेवावें पण घर पेटवूं नये, अशीच ही रीति.

पहारेकरी थकले म्हणजे

वयाबरोबर थायमस सुकते, नव्या पहारेकऱ्यांची भरती मंदावते आणि या विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशींचा जोर कमी होतो. गंमत अशी कीं, प्रतिपिंडांचें प्रमाण म्हातारपणींहि बरेंचसें टिकून असतें; घटतो तो टी-पेशींचा पहारा. म्हणूनच पन्नाशीनंतर नागिणीचें प्रमाण वाढत जातें, आणि अमेरिकेंतील गणनेप्रमाणें दर तीन माणसांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां ती गांठते.

परंतु थकव्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो म्हातारपणाचा नव्हे. कांहीं विषाणु निजत नाहींत. ते रक्तांत सतत वाढत राहतात, आणि टी-पेशींना महिनोन् महिने, वर्षानुवर्षें विसांवा मिळत नाहीं. अशा स्थितींत टी-पेशी मरत नाहींत, पण लढेनाशा होतात. १९९० नंतरच्या दशकांत उंदरांवरील प्रयोगांतून ही अवस्था उघडकीस आली. हैदराबादेंत जन्मलेले आणि पुढें अमेरिकेंत गेलेले शास्त्रज्ञ रफी अहमद यांचा या अभ्यासांत मोठा वांटा आहे. थकलेल्या टी-पेशीच्या अंगावर एक प्रकारचा लगाम असतो. तो जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनें १९९२ सालींच शोधून काढला होता. २००६ सालीं अहमद यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, उंदरांत हा लगाम औषधानें सैल केला तर थकलेल्या पेशी पुन्हां उठतात आणि विषाणु घटतो. याच लगामावर उपाय करणारीं औषधें आज कर्करोगावर वापरलीं जातात, आणि होंजो यांस अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दीर्घ विषाणुरोगांवर मात्र हा उपाय अजून प्रयोगाच्याच अवस्थेंत आहे.

यांत एक गोष्ट विसरूं नये. ज्या उंदरांना हा लगाम जन्मतःच नव्हता, ते उंदीर दीर्घ रोगाच्या विषाणूनें बरे न होतां मेले; त्यांच्या टी-पेशींच्या अनावर लढाईनेंच त्यांचा प्राण घेतला. तेव्हां थकवा हा नुसता दोष नव्हे. जेथें शत्रु हटत नाहीं तेथें घर वांचविण्यासाठीं केलेला तो एक तह आहे.

लढाई कोणत्या वयांत जुंपते यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. बी प्रकारच्या काविळीचा विषाणु धडधाकट प्रौढ माणसाच्या शरीरांत शिरला, तर शंभरांत पंचाण्णवांहून अधिक जण त्याला कांहीं महिन्यांत हुसकून लावतात. तोच विषाणु प्रसूतीच्या वेळीं आईकडून बाळाला गेला, तर शंभरांतील नव्वद बाळांच्या शरीरांत तो जन्माचा ठाण मांडतो, आणि पुढें कित्येकांच्या यकृताचा घात करतो. बाळाच्या टी-पेशींना परक्याची ओळख पटण्याच्या आधींच परका घरचा होऊन बसलेला असतो. यावर उपाय सोपा आहे : जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत लशीची पहिली मात्रा. आपल्या देशाच्या लसीकरणांत ही लस २००२ पासून प्रायोगिक रीतीनें आली आणि २०११ पर्यंत देशभर पोंचली. घरांत बाळंतपण असेल तेव्हां बारशाच्या तयारीआधीं ही मात्रा दिली कीं नाहीं हें आजीबाईंनीं विचारून घ्यावें.

पहारेकऱ्यांवरच घाला

आतां ज्या विषयावर आपल्या घरांत बोलणें टाळलें जातें, त्यावर दोन शब्द लिहिणें आम्हांला प्राप्त आहे. एड्सचा विषाणु दुसऱ्या कोणावर नव्हे, तर साहाय्यक टी-पेशींवरच घाला घालतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्यें या पेशी साधारण पांचशें ते पंधराशें असतात. त्या दोनशांच्या खालीं गेल्या म्हणजे कोठीच्या किल्ल्याच हरवल्यासारखें होऊन वर्षानुवर्षें निजलेले सर्व शत्रु एकामागून एक उठतात.

भारतांत हा विषाणु प्रथम ओळखला गेला तो १९८६ सालीं मद्रासेंत, आणि त्या कार्याच्या सूत्रधार एका मराठी घराण्यांतील बाई होत्या. डॉ. सुनीति सोलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेंत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील. मद्रास मेडिकल कॉलेजांत त्या सूक्ष्मजंतुशास्त्र शिकवीत. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं देहविक्रयावर उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने मोठ्या चिकाटीनें जमविले. वेल्लोरला तपासणी झाली आणि सहा नमुन्यांत विषाणूच्या खुणा आढळल्या. हा रोग आपल्या संस्कृतींत येणेंच शक्य नाहीं असें म्हणणाऱ्यांचा तो काळ होता. बाई डगमगल्या नाहींत. १९९३ सालीं त्यांनीं आपल्या वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या, नांवें रुग्णसेवेचें व संशोधनाचें केंद्र काढलें. दोघांनाहि हा रोग आहे अशा वधूवरांचीं लग्नें जुळवून देण्यापर्यंत त्यांची माया पोंचली होती. २०१५ सालीं त्या निवर्तल्या आणि २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्रांतहि पुण्याजवळ भोसरी येथें या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ सालीं निघाली. पुण्यासच १९५२ पासून विषाणूंच्या अभ्यासाची जी संस्था आहे, ती तिची वडील बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

नागिणीच्या लेखांत हें सारें कशासाठीं? एखाद्या पंचविशी-तिशींतील तरुणास नागीण उठली, तर ती कधीं कधीं या दुसऱ्या रोगाची पहिली सूचना असते. कधीं कधीं, नेहमीं नव्हे. अशा बहुतेक तरुणांना दुसरा कांहींच रोग नसतो. परंतु डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें, तर घरच्यांनीं तो आपल्या कुळाचा अपमान समजूं नये. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी फुकट व गुप्तपणें होते. २००४ पासून औषधेंहि फुकट मिळतात, आणि तीं नियमानें घेणारा मनुष्य इतरांसारखें दीर्घ आयुष्य जगूं शकतो. २०१७ च्या कायद्यानें तर रोग्याची माहिती उघड करणें व त्याला भेदानें वागविणें यांस मनाई केली आहे. कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आंत त्या मुलाचें ताट वेगळें मांडावयाचें कीं पंक्तींत मांडावयाचें, हें मात्र आपल्यालाच ठरवावयाचें आहे. एकत्र जेवल्यानें हा रोग लागत नाहीं.

घरोघरीं काय करावें?

नागीण ओळखण्याची खूण म्हणजे शरीराच्या एकाच बाजूला दाह किंवा ठणका, आणि दोन-तीन दिवसांनीं त्याच जागीं फोडांचा पट्टा. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत असायक्लोव्हिर किंवा त्याच वर्गांतील औषध सुरू झालें, तर फोड लवकर सुकतात आणि दुखणें सौम्य होतें. कपाळ, पापणी किंवा नाकाचा शेंडा यांवर फोड असतील तर डोळ्याला धोका आहे असें समजून त्याच दिवशीं डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावें. कानांत फोड येऊन तोंड वांकडें झालें तरीहि दिरंगाई करूं नये. फोड ओले असेपर्यंत ते झांकून ठेवावेत. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहींत अशीं माणसें, विशेषतः गर्भवती व तान्हीं मुलें, यांना रोग्यापासून दूर ठेवावें. रोग्यापासून त्यांना नागीण होत नाहीं. पण आमच्या पुतणीप्रमाणें कांजिण्या होतात. गेरू लावावयाचाच असेल तर डॉक्टरांना विचारून लावावा. डॉक्टरांऐवजीं लावूं नये.

आतां लशीविषयीं. १९६४ सालीं अमेरिकेंत अभ्यासासाठीं गेलेले जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांचा तीन वर्षांचा मुलगा कांजिण्यांनीं फार आजारी पडला. आईबापांनीं रात्रंदिवस उशाशीं बसून काढले. मायदेशीं परतल्यावर त्या पित्यानें या विषाणूला निस्तेज करण्याचा ध्यास घेतला आणि १९७४ सालीं कांजिण्यांची लस सिद्ध केली. नागिणीसाठीं हल्लींची जी लस आहे, तिच्यांत जिवंत विषाणु नसून त्याचें एक द्रव्य व टी-पेशींना हांक मारणारें दुसरें द्रव्य असतें. थकलेल्या पहारेकऱ्यांना शत्रूचें चित्र पुन्हां एकदां दाखविणें एवढेंच तिचें काम. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणांत पन्नाशी उलटलेल्या माणसांत तिनें शंभरांतील ९७ दुखणीं टाळलीं. सत्तरीपुढेंहि हें प्रमाण नव्वदांच्या आसपास राहिलें. दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानें तिच्या दोन मात्रा घ्यावयाच्या असतात. २०२३ पासून ती आपल्याकडेहि मिळते. किंमत जड आहे हें खरें, आणि ती प्रत्येक घराला झेपेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत वडिलांच्या साठीशांतीला मांडव पडतो, त्या घरानें या खर्चाचाहि विचार करून पाहावा.

पावसाळ्यांत गोदावरीला पूर आला म्हणजे आम्ही नाशिककर एकच प्रश्न विचारतों : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर आलें? गुडघ्यापर्यंत आहे तोंवर बाजार चालू असतो. कमरेपर्यंत चढलें कीं काठावरचे दुकानदार माल हलवूं लागतात. नदी कोठें जात नाहीं. तिच्याकडे नजर मात्र ठेवावी लागते. आपल्या देहांत दडलेल्या या पाहुण्यांचेंहि तसेंच आहे. ते कायमचे गेले असें कोणी म्हणूं नये, आणि ते आहेत म्हणून भिऊनहि राहूं नये.

काका आतां पुन्हां पहाटे गंगेवर जातात. गेल्या महिन्यांत समोरच्या वाड्यांतील आजोबांच्या कुशीवर फोड उठले, तेव्हां तेथील सूनबाई गेरू मागावयास आमच्या ओट्यावर आल्या. काकूंनीं गेरू दिला नाहीं. पायांत चपला सरकवून त्या स्वतःच निघाल्या आणि म्हणाल्या, "गेरू कोठें पळून जात नाहीं. आधीं रिक्षा बोलावा. आज दुसरा दिवस आहे, तिसरा उजाडायच्या आंत डॉक्टरांनीं पाहिलें पाहिजे."